कातीव वाडगा

जुन्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या वाचकांना 'कातीव' हा शब्द समजावून सांगावयास नको. पाळण्याच्या दांड्या कातीव असत, देव्हाऱ्याचे चार खांब कातीव असत. पलंगाचे पाय, भिंतींतील खुंट्या, बुद्धिबळांतील राजा-वजीर आणि प्यादीं, कुंकवाचा करंडा, मुलांचा भोंवरा आणि स्वयंपाकघरांतील लाटणें हींही कातीवच. ज्या यंत्रावर हीं होत त्यास आतां सर्वत्र लेथ म्हणतात, व ज्याच्या हातून होत तो कातारी. वस्तु घरोघर होत्या. परंतु त्या करणारा मनुष्य कोठें बसतो, हत्यार कसें धरतो, हें पाहावयास पांढरपेशांच्या घरांतील मूल सहसा जात नसे. आणि गेलेंच, तर अभ्यास टाकून तेथें काय ठेवलें होतें, असें त्याला घरीं ऐकावें लागे. हाताच्या कामाविषयींची ही अढी आतां पुष्कळ सैल झाली आहे. तरी ती अजिबात गेली, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. पेन्शन घेतलेला गृहस्थ बागेंत खपला तर त्याचें कौतुक होतें. तोच पडवींत लांकडाच्या भुशानें माखून बसला, तर घरचीं माणसें अद्यापि एकमेकांकडे पाहतात.

या लेखांत आम्ही कातकामाच्या एकाच शाखेविषयीं, म्हणजे लांकडाचा वाडगा कातण्याविषयीं, लिहिणार आहों. एक तर सर्व कातकामांत तें अवघड. दुसरें, इंग्लंड-अमेरिकेंत हजारों सुशिक्षित माणसें आज पैशासाठीं नव्हे तर आवडीनें तेंच करीत असतात. आणि तिसरें, या छंदाचा इतिहास थोडा विलक्षण आहे. जो धंदा पोटासाठीं करणारांच्या हातून सुटला, तो हौशी लोकांनीं उचलून धरला. हौस म्हणजे रिकामपणाचा खेळ, असें समजणारांनीं हा इतिहास अवश्य पाहावा.

सुताराच्या इतर कामांत लांकूड स्थिर असतें व हत्यार चालतें. लेथवर याच्या उलट. लांकूड फिरतें आणि हत्यार टेकूवर टेकून राहतें. म्हणून जें जें निपजतें तें गोल. या युक्तीचें एक फार जुनें चित्र ईजिप्त देशांत पेटोसिरिस नांवाच्या पुरोहिताच्या थडग्यांत आहे. तें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरचें मानतात. त्यांत एक मनुष्य दोरी ओढून लांकूड फिरवीत आहे आणि दुसरा त्यावर हत्यार धरून आहे. म्हणजे एका कामास दोन माणसें. जपानांत तर आठव्या शतकांतच या कामाचा मोठा कारखाना उभा राहिलेला दिसतो. इ. स. ७६४ मध्यें एक बंड मोडल्यावर सम्राज्ञी शोतोकु हिनें दहा लक्ष लहान लांकडी स्तूप करविण्याचा संकल्प केला. इ. स. ७७० च्या सुमारास तो पुरा झाला, आणि ते स्तूप दहा मंदिरांना वांटण्यांत आले. वीतभर उंचीच्या या स्तूपांपैकीं चाळीस हजारांहून अधिक होर्यूजी मंदिरांत आजही आहेत. प्रत्येकांत धारणीमंत्राचा छापील कागद ठेवलेला असल्यामुळें मुद्रणकलेच्या इतिहासांत त्यांचें नांव सर्वत्र येतें. स्तूप कातणारांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

युरोपांत मध्ययुगापासून जी लेथ रूढ होती ती फार साधी. वर एक लवचिक वांसा आडवा बांधलेला. त्याच्या टोंकापासून निघालेली दोरी लांकडाला वेढा देऊन खालीं पायट्यास बांधलेली. पाय दाबला कीं लांकूड कातारीकडे फिरतें, तेवढ्या वेळांत कातावयाचें. पाय उचलला कीं वांसा दोरी परत ओढतो, लांकूड उलट फिरतें, तेव्हां हत्यार किंचित् मागें घ्यावयाचें. अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ विसांवा, असा हा ताल दिवसभर चालावयाचा. अशा लेथवर कातलेले वाडगे त्या काळीं तिकडील सामान्य माणसांचीं रोजचीं ताटें होतीं. आठव्या हेन्रीचें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज इ. स. १५४५ मध्यें बुडालें व इ. स. १९८२ मध्यें समुद्रांतून वर काढण्यांत आलें. त्यांत खलाशांचे लांकडी वाडगे सांपडले. कांहींवर धन्यानें आपली खूण कोरून ठेवलेली. इ. स. १६०४ मध्यें लंडनच्या कातारी लोकांच्या संघास पहिल्या जेम्स राजानें सनद दिली, एवढी त्यांची प्रतिष्ठा होती. पुढें चिनी मातीचीं व पत्र्याचीं भांडीं स्वस्त झालीं, आणि वाडगा कातणारांचीं घरें एकामागून एक बसत गेलीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या जुन्या रीतीनें वाडगे कातणारा म्हणून इंग्लंडांत ज्याचें नांव घेतलें जाई, तो जॉर्ज लेली. जन्म इ. स. १८६९ चा. बर्कशायर परगण्यांत बकलबरी कॉमन म्हणून माळरान आहे, तेथें एका झोंपडीवजा कारखान्यांत तो काम करी. त्याचा बाप व आजा याच धंद्यांत होते. एल्म नांवाच्या झाडाचें ओलें लांकूड तो वापरी. प्रवासवर्णनकार एच. व्ही. मॉर्टन यानें इ. स. १९२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'इन सर्च ऑफ इंग्लंड' या पुस्तकांत त्याच्या भेटीचें वर्णन केल्यापासून त्याला पाहावयास दुरून लोक येऊं लागले.

लेलीच्या कामांतील एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. तो एका ओंडक्यांतून एकच वाडगा काढीत नसे. आंकडीसारख्या वांकड्या हत्यारांनीं ओंडक्याच्या पोटांत खोल फिरत फिरत तो आधीं बाहेरचा मोठा वाडगा सोडवी. आंत उरलेल्या गड्ड्यांतून दुसरा, त्याच्या आंतून तिसरा. एकांत एक बसणारे, डब्यांच्या उतरंडीसारखे वाडगे एकाच लांकडांतून निघत आणि वायां फार थोडें जाई. आजचा हौशी मनुष्य विजेच्या लेथवर आंतला सारा गाभा सालपटें करून जमिनीवर पाडतो. लेली गरिबीमुळें काटकसर करीत होता, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याला लांकूड स्वतः आणून, स्वतः फोडून, पायानें फिरवून कातावें लागतें, त्याला तें फुकट घालवणें जिवावर येतें, हें अधिक खरें असावें.

लेलीस शिष्य नव्हता. इ. स. १९५८ मध्यें तो वारला, आणि त्याची लेथ व हत्यारें रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयांत गेलीं. संग्रहालयांत वस्तु गेली म्हणजे ती सुरक्षित झाली असें आपण म्हणतों. परंतु हत्यार कांचेआड सुरक्षित असतें, तें चालविण्याची रीत कांचेआड ठेवतां येत नाहीं. तीं आंकडीसारखीं पातीं कोणत्या कोनांत धरावयाचीं, पाय केव्हां दाबावयाचा, हें सांगणारा मनुष्य उरला नव्हता. पुढें इ. स. १९९० नंतर रॉबिन वुड नांवाच्या इंग्रज गृहस्थानें (आडनांवाचा अर्थही योगायोगानें लांकूडच) या लेथीचा आणि हत्यारांचा बारकाईनें अभ्यास केला, तसलीं हत्यारें स्वतः घडवलीं, आणि पायाच्या लेथवर वाडगे कातण्याची विद्या करून करून परत मिळवली. तीवर त्यानें पुढें उपजीविकाही केली. आतां त्या रीतीनें कातणारे अनेक देशांत आहेत. त्यांतील बहुतेकांनीं ती विद्या हौसेनें घेतलेली आहे.

हौशी कातारी ही कांहीं आजची जात नव्हे. रशियाचा पीटर बादशहा लेथवर काम करण्यांत रंगून जात असे. आंद्रेय नार्तोव्ह हा कुशल कारागीर त्यानें त्यासाठीं पदरीं ठेवला होता. शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मोपदेशकानें इ. स. १७०१ मध्यें कातकामावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या होल्ट्झाप्फेल घराण्यानें श्रीमंत हौशी मंडळीसाठीं नक्षीकामाच्या लेथी केल्या. त्यांची किंमत ऐकून साधा मनुष्य हात जोडी. परंतु या सर्व मंडळींचें लक्ष हस्तिदंताच्या डब्या व नक्षी यांकडे. साध्या वाडग्याकडे हौशी लोक वळले ते विसाव्या शतकांत, विजेची लहान मोटर घरांत आल्यावर. अमेरिकेंत जेम्स प्रेस्टिनी हे शिकागोजवळच्या एका शाळेंत गणित शिकवीत, इ. स. १९३० नंतरच्या काळांत त्यांनीं इतके पातळ आणि निर्दोष वाडगे कातले कीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें ते घेतले. बॉब स्टॉक्सडेल यांची कथा निराळी. दुसऱ्या महायुद्धांत शस्त्र धरावयास तत्त्वतः नकार देणारांना अमेरिकन सरकारनें ज्या छावण्यांत ठेवलें, त्यांपैकीं एकींत ते होते, आणि वाडगा कातण्यास त्यांनीं तेथेंच आरंभ केला. पुढें मरेपर्यंत, म्हणजे इ. स. २००३ पर्यंत, तेंच त्यांचें जीवन झालें. इ. स. १९८६ मध्यें अमेरिकेंतील कातकाम करणारांनीं आपला संघ स्थापिला. त्यांत दंतवैद्य, शिक्षक, इंजिनिअर, निवृत्त सैनिक असे सर्व प्रकारचे लोक आढळतात.

आमच्याकडे काय स्थिति आहे? कातकाम आमच्याकडे नाहीं असें नाहीं. सावंतवाडीच्या चितारआळींतील लांकडी फळें व खेळणीं कोणास ठाऊक नाहींत? कर्नाटकांत चन्नपट्टण आणि आंध्रांत एटिकोप्पाका या गांवांचें कातकाम प्रसिद्ध आहे. या दोन्ही ठिकाणीं आमच्या काळ्या कुड्याच्या झाडाचें मऊ, पांढुरकें लांकूड वापरतात. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून अंगास बसते, आणि चन्नपट्टणांत मग त्यावर केवड्याच्या जातीचें पान दाबून चकाकी आणतात. भाकरीचें पीठ मळावयाची काठवट म्हणजे तरी दुसरें काय? तो आमचा लांकडी वाडगाच. परंतु हें सारें त्या त्या घराण्यांच्या हातीं राहिलें. बाहेरच्या माणसानें ते दार ठोठावून 'मला शिकवा' असें म्हणण्याची चाल आमच्यांत पडली नाहीं. तशी पडली असतां काय होतें, याचें उदाहरण मात्र सावंतवाडींतच आहे. गंजिफा हे लाखरोगणाचे, हातानें रंगविलेले गोल पत्ते जवळजवळ बंद पडून त्या कलेचे एक वयोवृद्ध चितारी काय ते उरले होते, अशा वेळीं, इ. स. १९७० नंतरच्या दशकांत, संस्थानाचे राजे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनीं त्यांच्याकडून ती कला समजून घेतली, स्वतः हातीं कुंचला धरला आणि राजवाड्यांत कारागिरांस बसवून काम चालू केलें. राजाराणींनीं बैठक मारून रंग घोटले, म्हणून आज गंजिफा विकत मिळतात.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. वाडगा कातणें खांब कातण्याहून अवघड कां, हें समजण्यास लांकडाचे रेषे ध्यानांत आणले पाहिजेत. खांबांत रेषे आंसाच्या दिशेनें जातात, म्हणून हत्यारास सर्व बाजूंनीं लांकूड सारखेंच लागतें. वाडग्यांत रेषे आंसाशीं काटकोनांत असतात. त्यामुळें लांकडाच्या प्रत्येक फेऱ्यांत हत्यारापुढें दोनदां रेष्यांची कूस येते आणि दोनदां रेष्यांचीं तुटकीं टोंकें येतात. टोंकांवर धार उलट बाजूनें गेली तर रेषे कापले न जातां उपटले जातात. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसें होतें. यासाठीं नियम असा कीं बाहेरून कातावयाचें तें बुडाकडून कांठाकडे, आणि आंतून कातावयाचें तें कांठाकडून मध्याकडे. हा एक नियम ज्याच्या अंगीं मुरला, त्याचें अर्धें काम झालें. राहिलेलें अर्धें धारेचें. गोल पटाशी लांकडाला लावतांना आधीं धारेमागचा उतार टेकवावयाचा, मग मूठ हळूहळू उचलून धार आंत जाऊं द्यावयाची. असें केलें म्हणजे फरफर आवाज करीत लांब ओलीं सालपटें खांद्यावरून मागें पडूं लागतात. नुसतें टोंक खुपसलें तर हत्यार अडकतें, धक्का बसतो, आणि कधीं कधीं वाडग्याचे दोन तुकडे होतात.

पटाशी किती वेळा पाजळावी, असें नवशिके विचारतात. एक हिशेब करून पाहा. दहा इंच व्यासाचा वाडगा मिनिटास ९०० फेरे फिरत असला, तर त्याचा कांठ मिनिटाला ७०० मीटरांहून अधिक धांवतो. ताशीं सुमारें ४३ किलोमीटर. दहा मिनिटें कांठाशीं काम केलें म्हणजे त्या बारीक धारेपुढून सात किलोमीटर लांकूड गेलें. इतकी वाट तुडविल्यावर धार बोथट न झाली तरच नवल. म्हणून जाणते लोक ग्राइंडर हाताशीं ठेवतात व दर कांहीं मिनिटांनीं एकदां धार लावून घेतात. आळसानें बोथट हत्यार दाबून चालवावें आणि मग कांचकागदानें खडबड घासत बसावें, हा सर्वत्रचा प्रघात आहे, आणि तो वाईट आहे.

दुसरी मोठी अडचण ओलाव्याची. झाड वाळतांना आक्रसतें, पण सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहींच. गाभ्याकडून सालीकडे जितकें आक्रसतें त्याच्या सुमारें दुप्पट वार्षिक वलयांच्या अंगानें. म्हणून ओल्या लांकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबवर्तुळ होतो, आणि ओंडक्याचा मध्यभाग, म्हणजे गाभा, वाडग्यांत राहिला तर तो बहुधा तडकतोच. यावर उपाय दोन वेळां कातण्याचा. ओंडका व्यासाइतक्याच लांबीचा कापून उभा चिरावा, गाभ्याची पट्टी काढून टाकावी, आणि अर्ध्या भागाचा जाड वाडगा कातून ठेवावा. भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे दहा इंचांस एक इंच. कांठावर मेण फांसून तो कागदी पिशवींत, त्याच्याच सालपटांत पुरून, वारा न लागेल अशा कोपऱ्यांत ठेवावा. दर आठवड्यास वजन करावें व तारखेसह बुडावर लिहावें. वजन उतरावयाचें थांबलें कीं वाडगा वाळला. त्याला कांहीं महिने लागतात. मग तो वांकडातिकडा झालेला वाडगा पुनः लेथवर चढवून बारीक कातावयाचा. आमच्या मतें या छंदाचा खरा गुण येथेंच आहे. पोळ्या लाटल्याप्रमाणें संध्याकाळीं बसलें व रात्रीं उठलें, असें यांत होत नाहीं. जानेवारींत जाड वाडगे कातावे आणि दिवाळीच्या सुमारास ते पुरे करावे. आपल्या कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने मध्यें असतात, त्यांत वाळण्याचें काम मंदावतें; कपाटाचे खण आषाढांत अडकतात तें याच कारणानें. झांकणाचा करंडा मे महिन्यांत घट्ट बसता केला तर जुलैंत तो उघडणार नाहीं, हें करणारानें आधींच धरून चालावें.

आंतून कोरतांना जाडी किती राहिली, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. कंपासानें मोजावें लागतें. परंतु सरावलेला कातारी आवाजावरून ओळखतो. भिंत पातळ होत जाते तसतसा हत्याराचा सूर बदलतो. बुडाशीं मात्र आवाज फसवितो, आणि हौशी मंडळीच्या घरीं मधोमध भोंक पडलेला एखादा तरी वाडगा असतोच. त्यास ते नरसाळें म्हणतात व पाहुण्यांना मोठ्या अभिमानानें दाखवितात.

लांकूड कोणतें घ्यावें? आमच्याकडे याची वाण नाहीं. आंबा स्वस्त, कातावयास सोपा, आणि वादळांत पडलेला किंवा फळ देईनासा झालेला आंबा गांवोगांव सरपणास जातो. तो थोडा ओला पडून राहिला व बुरशीनें त्यांत काळ्या रेघा काढल्या, तर वाडगा चित्रासारखा दिसतो. फणस पिवळा सोन्यासारखा निघतो आणि वर्षांनुवर्षें तांबूस तपकिरी होत जातो. वीणा आणि मृदंग यांसाठीं त्याची कीर्ति आहेच. चिंच व बाभूळ कठीण, हाताची परीक्षा पाहणारीं. शिसवी सुंदर पण तिचा भुसा कित्येकांच्या कातडीस बाधतो. साग मिळाला तर घ्यावा, परंतु त्यांत वाळूसारखें सिलिका असल्यामुळें धार लौकर जाते. कण्हेर विषारी, तिच्या वाटेस अन्नाच्या भांड्यासाठीं जाऊं नये. उभें झाड यासाठीं तोडूं नये, व तोडावयाचें झाल्यास कायद्याची परवानगी लागते. हौसेपुरतें लांकूड वखारींत आणि शेजाऱ्याच्या पडलेल्या फांदींत पुष्कळ मिळतें.

धोक्याविषयीं आम्ही स्पष्ट लिहितों, कारण लेथ दिसावयास निरुपद्रवी असते. धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, हातांतील कडें, अंगठी यांपैकीं कांहींही फिरत्या लांकडांत सांपडलें तर तें सोडवावयास वेळ मिळत नाहीं. काम करणारी स्त्री असो कीं पुरुष, पोषाख आंवळ असावा आणि तोंडावर पारदर्शक जाड पडदा असावा. यंत्र सुरू करण्यापूर्वीं लांकूड हातानें एक फेरा फिरवून पाहावें. सुरू करतांना त्याच्या समोर उभें न राहतां बाजूस राहावें. न तोललेला ओंडका पहिल्या क्षणींच सुटतो. वेगाविषयीं एक ठोकताळा आहे. व्यासाचे इंच व मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या आंत असावा. म्हणजे दहा इंचांस ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ओंडक्यास त्याहूनही कमी. आणि भुसा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें इ. स. १९९५ मध्यें लांकडाची धूळ मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. कांचकागद लावतांना नाकावर चांगली जाळी बांधावी, खिडकी उघडी ठेवावी, आणि जेथें तान्हें मूल किंवा दम्याचें माणूस आहे त्या बाजूस हें काम करूं नये. एकत्र कुटुंबांत लेथ कोठें ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच आधीं सर्वांना विचारून सोडवावा. मागची पडवी किंवा गोठ्याची रिकामी जागा उत्तम. माजघराला लागून असलेली खोली नको. दुपारीं निजणाऱ्या वडील माणसांच्या डोक्यापाशीं मोटर घरघरूं लागली, तर छंदाचें आयुष्य आठ दिवसांचें.

या छंदाविरुद्ध एक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशांतील प्रदर्शनांतून जे वाडगे आजकाल दिसतात, त्यांतील पुष्कळांना भोंकें पाडलेलीं असतात, कांठ मुद्दाम फाटका ठेवलेला असतो, वरून रंग आणि धातु बसविलेला असतो. त्यांत कसब पुष्कळ असतें. परंतु त्यांत चार शेंगदाणे ठेवावे असें कोणास वाटत नाहीं. लेलीचे वाडगे लोकांनीं घरीं नेऊन वापरले, धुतले, झिजवले. वापरावयाच्या वस्तूची जागा कपाटांत झाली कीं तिचा आकारही हळूहळू बिघडतो, कारण ती हातांत कशी बसते, उपडी ठेवल्यास डगमगते कीं नाहीं, हें पाहणारें कोणी राहत नाहीं. आमचें मत असें कीं पहिले दहा वाडगे घरांतील बायकांच्या स्वाधीन करावे आणि सहा महिन्यांनीं त्यांचा अभिप्राय घ्यावा. कांठ जाड झाला, बूड अरुंद झालें, हें त्या प्रदर्शनांतील परीक्षकांहून स्पष्ट सांगतील.

वापरावयाच्या वाडग्यास तेल द्यावें तें जवसाचें किंवा अक्रोडाचें; हीं तेलें हवेंत सुकून घट्ट होतात. शेंगदाण्याचें तेल सुकत नाहीं, चिकट राहतें व पुढें खवट होतें. बाजारांत रंगवाल्यांकडे मिळणारें 'बॉइल्ड' जवसाचें तेल बहुधा धातूंचे क्षार घातलेलें असतें, तें अन्नाच्या भांड्यास घेऊं नये. खाण्याचें, घाण्याचें कच्चें तेल घ्यावें. पातळ हात द्यावा, जास्तीचें पुसून टाकावें, दोन-तीन दिवस सुकूं द्यावें आणि असें चार-पांच वेळां करावें. पुसलेलें फडकें मात्र चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नये. जवसाचें तेल सुकतांना उष्णता सोडतें आणि चुरगाळलेलें फडकें आपोआप पेट घेतें. तें पाण्यांत भिजवावें किंवा दोरीवर पसरून वाळवावें. वरून थोडें मेण चोळलें तरी चालेल. लाखेचें रोगण दिसावयास सुरेख, परंतु ऊन पदार्थानें तें मऊ पडतें. अशा वाडग्यांत सुकीं फळें, सुपाऱ्या, फुलें, कोशिंबीर, भाकरी, चिवडा ठेवावा. ताक, आमटी आणि उकळता चहा यांस स्टीलचीं भांडीं आहेतच. वाडगा पाण्यांत भिजत टाकूं नये, भांडीं घासण्याच्या यंत्रांत घालूं नये आणि विस्तवाजवळ किंवा उन्हांत वाळवूं नये. कोमट पाण्यानें चटकन् धुवून लगेच पुसावा व सावलींत उपडा ठेवावा. वर्षांतून एकदां, दसऱ्याच्या साफसफाईंत, त्याला तेलाचा एक हात द्यावा.